तोरणाखालची साक्ष

किसनरावानं पेढे वाटले, तिथून ही गोष्ट सांगायला घ्यावी लागते.

पेढे कशाचे म्हणाल, तर जिनिव्हाच्या कागदाचे! खैरगोंदीसारख्या गावात जिनिव्हा हे नाव तोवर दोघींच्याच तोंडी होतं. एक यवतमाळची वकील प्रेरणा, आणि दुसरी गावाबाहेरच्या पारधी बेड्यावरची, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरची बिजलीबाई. गावाच्या पोलीस पाटलाच्या, म्हणजे किसनरावाच्या तोंडी ते आलं, ते असं पेढ्यासकट आलं. गावभर वाटून झाल्यावर उरलेला पुडा घेऊन तो बेड्यावरही गेला. बिजलीबाई झोपडीपुढं सरपण फोडत होती.

"घे वो बिजले, तोंड गोड कर," किसनराव म्हणाला. "तुह्या जिनिव्हावाल्यायचा कागद आलता. दिल्लीले आला, मुंबईले आला, यवतमाळले आला, ठान्यात आला. आन ठान्यातून कोनाकडं आला सांग? माह्याकडं! पाटील, तुमीच सांगा म्हने काय झालतं त्या राती. म्या सांगलं. सही ठोकली. गेला कागद वापस."

बिजलीबाईनं पेढा घेतला आणि त्याच्या डोळ्यांदेखत कुत्र्यापुढं टाकला. कुत्र्यानंही तो हुंगून सोडला, असं सांगायला फार बरं वाटलं असतं. पण कुत्र्यानं तो मिटक्या मारत खाल्ला. कुत्र्याला काय ठाऊक पेढा कोणाच्या हातचा ते!

किसनराव हसत हसत गेला. बिजलीबाईच्या हातात कुऱ्हाड होती, आणि त्याची पाठ तिच्याकडं होती. तिनं कुऱ्हाड उचलली नाही, यात तिचा चांगुलपणा काही नाही. तो कुऱ्हाडीनं मेला असता तर त्याचं तोंड कायमचं बंद झालं असतं, आणि तिला तर ते तोंड उघडलेलं हवं होतं.

गोष्ट अशी झाली होती. मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात किसनरावाच्या कोठ्यातून तुरीची पोती गेली. कोणी नेली देव जाणे. गावात काही हरवलं की पहिलं बोट बेड्याकडं जायचं, ही रीत आजे-पणजेपासून चालत आलेली. दिवेलागणीला जीप आली. पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या बाजूला किसनराव बसला होता. त्यानं बोट दाखवलं आणि बिजलीबाईच्या नवऱ्याला, पूनमसिंगला, शिपायांनी उचलून मागं टाकलं. बिजलीबाई ओरडत जीपमागं पळाली. धुरळा तिच्या तोंडात गेला आणि जीप निघून गेली.

सकाळी पूनमसिंग बेड्यामागच्या विहिरीत तरंगत होता.

दारूच्या नशेत पाय घसरला, असा पंचनामा झाला. ठाण्यात म्हणे त्याला आणलंच नव्हतं, नोंदच नाही. प्रेत पहिल्यांदा पाहिलं कोणी? किसनरावानं. पंच कोण? किसनराव. आता ऐका, पूनमसिंग दारू पीत होता, खोटं कशाला बोला. पण आख्ख्या खैरगोंदीच्या विहिरींचा गाळ दरसाल काढायला ज्याला बोलवत, पोहऱ्याच्या दोराला धरून जो अंधाऱ्या विहिरीत खारीसारखा उतरायचा, तो माणूस गुडघाभर पाण्याच्या विहिरीत बुडून मेला म्हणे! बिजलीबाईनं त्याची पाठ पाहिली होती. पाठीवर पट्ट्याचे वळ होते. पण पाहणारी कोण? पारधीण. तीही मेलेल्याची बायको. तिच्या शब्दाला कोण विचारतो?

ठाणेदार बदली घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेला. शिपाई शिपायांच्या विरुद्ध बोलत नाहीत. त्या रात्री ठाण्यात बाहेरचा माणूस एकच होता, किसनराव. आणि बिजलीबाईला जगाकडून एकच गोष्ट हवी होती. किसनरावानं चारचौघांत, आपल्या तोंडानं म्हणावं, की त्या रात्री मी तिथं होतो. बाकी काही नको. मग देव त्याचं जे करायचं ते करो, आणि देवानं नाही केलं तर तिचं ती पाहील.

प्रेरणा भली पोरगी. यवतमाळहून स्कूटीवर यायची, बेड्यावर बसायची, लाल चहा प्यायची. इथल्या कोर्टात अर्ज फेटाळला, तेव्हा तिनं जिनिव्हाचं नाव काढलं. तिथं जगाच्या हक्कांची कचेरी आहे म्हणाली, कुठल्याही देशात पोलिसांनी माणूस मारला तर तिथं दाद मागता येते.

"साहेब येईन का तिथून?" बिजलीबाईनं विचारलं होतं. तिच्या डोळ्यांपुढं विमानातून उतरणारा धिप्पाड साहेब आला होता, ठाणेदाराच्या कानाखाली वाजवणारा.

"नाही मावशी. कोणी येणार नाही. ते आपल्या सरकारला विचारतील. सरकारनं उत्तर द्यायचं."

"आन सरकारनं खोटंच सांगलं त?"

"तर ते खोटं जगासमोर राहील. त्यांच्या हाती काठी नाही, मावशी. ते फक्त नाव घेऊन चारचौघांत विचारू शकतात."

बिजलीबाईनं तोंड वाकडं केलं होतं. पण मग पुढच्या उन्हाळ्यात जिनिव्हाहून उत्तर आलं, की तुमची तक्रार मिळाली, आम्ही तुमच्या सरकारला विचारलं आहे. प्रेरणानं ते मराठीत करून वाचलं. त्यात लिहिलं होतं, 'श्री. पूनमसिंग यांच्या मृत्यूबाबत'. बिजलीबाईनं तिला थांबवलं. पुन्हा वाच म्हणाली. प्रेरणानं पुन्हा वाचलं. पूनमसिंगला जन्मात कोणी श्री म्हटलं नव्हतं. ठाण्यात तो आरोपी होता, गावात पारधी होता, शाळेच्या मास्तराला तर त्याचं नावही धड घेता येत नसे. आणि सात समुद्रापलीकडं, जिथं त्याला कोणी पाहिलंही नाही, तिथल्या कोण्या माणसानं त्याला श्री लावला होता. त्या दिवशी बिजलीबाई पहिल्यांदा मोकळेपणी रडली. तिला वाटलं, आहे, जगात कुठंतरी कोणीतरी आहे.

आणि आता हे पेढे! फिरून फिरून भोपळे चौकात, आणि चौकात बसलेला कोण, तर तोच किसनराव. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

पेढ्याची बातमी कळताच प्रेरणा आली. तिचा चेहरा पडला होता.

"मावशी, मला वाटलं होतं चौकशी वरून होईल..."

"तुहा दोष नाई वो पोरी," बिजलीबाई म्हणाली, आणि लगेच तिचा आवाज चढला. "पन त्या जिनिव्हाले जरा इचार, मारनाऱ्यालेच इचारून मेला कसा ते कयते का? आमच्या बेड्यावरचं शेंबडं पोट्टंबी असं करनार नाई!"

"त्यांना सरकारशिवाय दुसरं दार नाही. पण मावशी, एक गोष्ट ऐका. पंचनाम्यात किसनराव गोलगोल बोलला होता. यावेळी जिनिव्हानं नेमकं विचारलं होतं, कोण कुठं होतं, जीपमध्ये कोण होतं. म्हणून त्याला नेमकं उत्तर द्यावं लागलं. मी नक्कल मिळवली, त्यानं शपथेवर लिहून दिलंय, की त्या रात्री मी घरीच होतो, जीपमध्ये बसलो नाही, ठाण्यात पाऊल ठेवलं नाही, पूनमसिंगला जिवंत पाहिलंच नाही. हे खोटं आहे असं दाखवणारा एक साक्षीदार मिळाला, तर तो स्वतःच्याच सहीत अडकला. तेवढं काम मात्र जिनिव्हानं केलं."

"साक्षीदार कोन? तो सोताच."

"तेच तर ना. आणि तो कशाला बोलेल?"

"त्याले शरम नाई वाटत?"

"जिनिव्हावाल्यांची सगळी मदार शरमेवरच असते, मावशी. सरकारला जगाची शरम वाटेल, ही त्यांची आशा."

बिजलीबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "शरम वाटाले रोज एकमेकाचं तोंड पाहा लागते वो. दुरून कोनाले शरम वाटत नाई."

आणि असं म्हणता म्हणता तिच्या डोक्यात पोळा आला.

वऱ्हाडाबाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडं पोळ्याला आखरावर, म्हणजे गावाच्या मोकळ्या मैदानावर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखाली सजवलेल्या बैलजोड्या उभ्या राहतात. आणि तोरण तुटायच्या आधी झडत्या होतात. झडती म्हणजे जोडलेल्या चार-पाच ओळी, पण त्यात वर्षभराचं सगळं ओकायचं. सरपंचानं नाली खाल्ली, मास्तर शाळेत झोपला, सावकारानं वजन मारलं, नाव घेऊन म्हणायचं. शेवटी म्हणणाऱ्यानं 'एक नमन गौरा पारबती, हर बोला' असं म्हटलं की साऱ्या गावानं 'हर हर महादेव' म्हणून झडती उचलायची. ज्याच्यावर झडती आली, त्यानं रागवायचं नाही. उत्तर द्यायचं तर झडतीनंच द्यायचं. झडती म्हणणाऱ्याला अडवणं म्हणजे बैलाला अडवणं, आणि पोळ्याला बैल अडवला तर गावावर संकट येतं, असं जुने लोक सांगतात.

आणि किसनराव? किसनराव झडत्यांचा राजा होता. त्याच्यावर आलेली एकही झडती त्यानं कधी बिनउत्तराची सोडली नव्हती. त्याचा पीळच तसा होता. त्या नादात त्यानं मागं एकदा मोठी गंमत करून ठेवली होती. पंप दुरुस्त करणाऱ्या जफरनं झडतीत म्हटलं, की पाटलाच्या पोरीच्या लग्नात बुंदी फिकी, साखरच नव्हती. किसनरावाला हे कसं सहन व्हावं? त्यानं तिथल्या तिथं झडती जोडली, की रेशनच्या साखरेची पोतीच्या पोती ओतली होती, खाणाऱ्याचीच जीभ सडली होती. सारा गाव लोटपोट हसला. आणि पंधरवड्यात रेशन दुकानाची चौकशी लागली. दुकान किसनरावाच्या मेव्हण्याचं होतं. बरेच दिवस मेव्हणा त्याच्याशी बोलत नव्हता. पण किसनराव काय म्हणाला? "चौकशी लागली त लागली, झडती त माहीच वर राह्यली ना!"

तर असा माणूस. बिजलीबाईला आता कुऱ्हाडीची गरज उरली नव्हती.

अडचण एक होती. झडती म्हणायची तर तोरणाखाली आपली जोडी हवी. पूनमसिंगचा एक बैल होता, भुऱ्या. एकटा बैल पोळ्यात उभा करत नाहीत. ती जफरच्या दुकानी गेली. त्याच्या जोडीतला एक बैल वैशाखात साप चावून मेला होता, बादल तेवढा उरला होता.

"जफरभाई, बादल द्या मले पोयाच्या दिवशी."

"ले जाव ना भाभी. पन करता काय?"

"झडती म्हनतो."

जफरच्या हातातला पाना खाली पडला. "पागल झाल्या का? बाया म्हनत नाई झडती. आन बेड्यावरच्या त..."

"म्हनू नये असं कोनी सांगलं? जोडी असन त्यानं म्हनावं, एवढीच रीत हाय. तुमी नाई म्हनत का? तुमाले कोन अडोलं?"

जफरनं तिच्याकडं पाहिलं. पूनमसिंगनं त्याच्या विहिरीचा गाळ काढला होता, त्याच्या घरी ईदेला शिरखुर्मा खाल्ला होता. "बादल तुमचाच समजा," तो म्हणाला. "मी बी राहीन बाजूले."

पोळ्याच्या दिवशी आखरावर सारा गाव लोटला होता. तोरणाची एक दोरी म्हाताऱ्या घनश्यामबुवांच्या हाती होती. गेली कितीक वर्षं ती त्यांच्याच हाती असायची. मधोमध किसनरावाची मानाची जोडी, शिंगांना बेगड, पाठीवर मखमली झूल. शेजारी लाऊडस्पीकर. आणि किसनरावाचा भाचा ऋतिक मोबाईल धरून उभा. मामाच्या झडत्या तो दरसाल मोबाईलवर लाईव्ह करायचा, पांढरकवड्यापासून उमरखेडपर्यंतचे पाहुणे घरबसल्या पाहायचे. किसनरावाला त्याचा फार अभिमान.

बिजलीबाई जोडी घेऊन आली तेव्हा आधी हशा झाला. भुऱ्या बुटका आणि बादल ताडमाड, जोडी कसली, उंट आणि शेळी! तिनं बैलांना फक्त गेरूचे ठिपके दिले होते. मग जोडीसमोर बाई उभी आहे, हे लोकांच्या ध्यानात आलं, आणि हशा थांबला.

"हे काय थेर लावले?" कोणीतरी ओरडलं. "बाईमानूस तोरनाखाली?"

पण किसनराव हसला. माईकवर म्हणाला, "राहू द्या, राहू द्या! जिनिव्हाची पाहुनी हाय आपली. पाहू तरी बिजलीले झडती येते का. ऋतिक, तिच्याकडं कर बे मोबाईल!"

घनश्यामबुवांनी दोरी घट्ट धरली आणि मान हलवली. म्हण, असा त्याचा अर्थ.

जी ओळ बिजलीबाईला म्हणायची होती ती खोटी होती, आणि खोटी आहे हे तिलाच ठाऊक होतं. मार खाल्लेला माणूस पाणी मागतोच. पण सापाला बाहेर काढायचं तर बिळात काहीतरी घालावं लागतं. तिनं बादलच्या वशिंडावर हात ठेवला आणि आवाज लावला.

"चार पोते तुरीचे, कोन्या वाटे गेले?
पारध्याच्या डोक्यावर बांधून देले!
पाटलानं बोट दाखोलं, धनी माहे नेले,
हात नाई जोडले त्यायनं, पाय नाई धरले,
थेंबभर पानी नाई मांगलं, वाघावानी मेले!
एक नमन गौरा पारबती, हर बोला..."

"हर हर महादेव!" एकटा जफर ओरडला. बाया पदर तोंडाला लावून उभ्या. पुरुष किसनरावाकडं पाहू लागले. कारण आता पाळी त्याची होती.

किसनरावाचं तोंड लाल झालं होतं. चोरी लावली म्हणून नव्हे, बोट दाखवलं म्हटलं म्हणूनही नव्हे. ते त्यानं दहादा ऐकलं होतं. पण एक पारधी, आणि वाघ? त्याच्यापुढं न वाकलेला? साऱ्या जिल्ह्यासमोर, मोबाईलवर? त्याला ते गिळवलं नाही. त्यानं मिशीवर हात फिरवला, क्षणभर ओठ हलवले, आणि माईक तोंडाशी धरला. झडती त्याला आली की पटकन यायची, ही त्याची ख्याती होती.

"वाघ रे वाघ, बुजगावन्याचा वाघ,
पट्ट्याचे बसले तडाखे, जिरली सारी आग!
पानी दे किसनराव, म्हने, पानी दे एक डाव,
माह्याच पायावर घासे नाक, कायचा तुहा वाघ?
एक नमन गौरा पारबती, हर बोला!"

आणि त्यानं हात वर केला.

कोणी बोललं नाही.

त्यानं पुन्हा म्हटलं, "हर बोला!" बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजल्या, तेवढाच आवाज. खैरगोंदीच्या पोळ्यात झडती खाली पडली, असं कधी कोणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

बिजलीबाई जिंकली होती, आणि तिथंच तिचं काळीज फाटलं. पानी दे किसनराव. पानी दे एक डाव. आज ते तिनं पहिल्यांदा ऐकलं होतं. इतके दिवस ती रोज रात्री नाना प्रकारे त्याचं मरण डोळ्यांपुढं आणत आली होती, पण त्यानं पाणी मागितलं आणि समोरच्यानं दिलं नाही, हे तिनं स्वतःला कधी पाहू दिलं नव्हतं. तिला वाटलं आपण इथंच बसून हंबरडा फोडावा. पण ती बसली नाही. बसायला ती आली नव्हती.

"कुठी मांगलं पानी, किसनराव?" तिनं विचारलं. माईक नव्हता, तरी शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. "तुमी त त्या राती घरी होते ना? त्याले जित्ता पाह्यलाच नाई ना? तशी सही करून देल्ली ना तुमी? पेढे वाटले ना? मंग पट्टा कुठी पाह्यला? नाक कोनाच्या पायावर घासलं त्यानं?"

किसनरावाचा हात खाली आला. आपण काय बोलून बसलो हे त्याला आत्ता कळत होतं, हळूहळू, घोट घोट कडू काढा उतरावा तसं.

"झडती हाय ते!" तो ओरडला. "झडतीत काय खरं राह्यते का? गंमत हाय बाप्पा! पोयाची गंमत!"

"पट्ट्याची बी गंमत?" घनश्यामबुवा म्हणाले.

"बुवा, तुमी मंधात पडू नका..."

"मी पडत नाई. आता तोरन पडनार हाय," म्हातारा म्हणाला. "पोरीची झडती अधुरी राह्यली गड्याहो. उचला. हर बोला!"

आणि मग गाव बोललं. आधी मागून बाया, मग बैलांजवळचे सालदार, मग सगळे. "हर हर महादेव!" असं काही बोललं की बादल बुजला आणि जफरला दोन्ही हातांनी वेसण धरावी लागली.

"अबे बंद कर ते!" किसनराव भाच्यावर धावला. ऋतिकचा मोबाईल अजून चालूच होता. पोरगं घाबरून बटण शोधत होतं. पण तोवर पांढरकवड्याच्या पाहुण्यांनी पाहिलं होतं, उमरखेडच्या पाहुण्यांनी पाहिलं होतं, आणि जफरनं तर सकाळपासून स्वतःच्या फोनचं रेकॉर्डिंग खिशात सुरूच ठेवलं होतं.

घनश्यामबुवांनी दोरी सोडली. तोरण तुटलं. रीतीप्रमाणं आधी मानाची जोडी निघायची आणि मागून बाकीच्या. पण एकाही शेतकऱ्यानं किसनरावाच्या मागं जोडी लावली नाही. सगळे त्याला वळसा घालून गेले, उजवीकडून आणि डावीकडून. मखमली झूल पांघरलेले त्याचे बैल मधोमध उभे राहिले.

संध्याकाळी प्रेरणाचा फोन आला. ती इतकी भरभर बोलत होती की बिजलीबाईला अर्धंच कळलं. सही एकीकडं आणि तोंड दुसरीकडं, आता नागपूरला हायकोर्टात जाते, चौकशी या ठाण्याकडून काढून घ्यायला लावते, असं काहीसं.

"होईन का काही?" बिजलीबाईनं विचारलं.

प्रेरणा खोटं बोलणारी पोरगी नव्हती. "वेळ लागेल मावशी. पण आता त्यांना नाही म्हणता येणार नाही. जिनिव्हालाही पाठवते आजच."

"धाड. त्यायनं त्याले श्री म्हनलं होतं. त्यायले बी कयू दे."

दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर. या दिवशी सालदार, बलुतेदार घरोघर जाऊन बोजारा मागतात, म्हणजे पोळ्याची भेट. कोणी धान्य देतं, कोणी नोट देतं. ज्याची झडती वर राहिली, त्याला बोजारा नाकारत नाहीत. बिजलीबाई बेड्यावरून निघाली आणि मधलं एकही घर न घेता थेट किसनरावाच्या दारात जाऊन उभी राहिली.

किसनराव ओसरीवर बसला होता. कालपासून त्याच्याकडं कोणी चहाला फिरकलं नव्हतं. गल्लीतली दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात माणूस होतं.

"बोजारा द्या, पाटील."

त्यानं वर पाहिलं. मग मुकाट्यानं बंडीच्या खिशात हात घातला.

"पैसे नाई. पानी पायजे."

त्याचा हात खिशातच राहिला.

"पानी दे किसनराव," बिजलीबाई म्हणाली, कालच्या त्याच्याच चालीत. "पानी दे एक डाव."

आतून त्याची बायको लीलाबाई तांब्या घेऊन लगबगीनं आली. डोळे रडून सुजलेले. बिजलीबाईनं तिला हातानं थांबवलं. "तुमी नाई वयनी. तुमच्यासंग माहं वैर नाई. त्यायच्या हातचं पायजे."

गल्ली पाहत होती. किसनराव उठला. माठ ओसरीच्या कोपऱ्यातच होता, चार पावलांवर, पण जाऊन यायला त्याला फार वेळ लागला. त्यानं तांब्या भरून आणला, निम्मं पाणी वाटेतच सांडलं.

बिजलीबाईनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला. प्यायली नाही. खाली वाकून तिनं ते पाणी त्याच्या उंबरठ्यावर ओतलं, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत.

"पेऊन घ्या, धनी," ती पूनमसिंगला म्हणाली. "देल्लं त्यानं. उशिरा देल्लं, पन देल्लं."

मग रिकामा तांब्या तिनं त्याच्या हातात परत दिला.

"माठ भरून ठेवजा, पाटील. उद्या पुन्हा येतो. परवाबी येतो. कोर्ट काय करायचं ते करीन, जिनिव्हा काय लिहायचं ते लिहीन. म्या मात्र रोज येतो."

आणि ती दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. अजूनही जाते.